कोरहाची मुलं वाचली

तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, कुठूनही ऐकत असाल. बायबल जवळ असेल तर उघडा आणि गणनाच्या पुस्तकातला 26 वा अध्याय काढा.

हा अध्याय फारसं कुणी आवडीनं वाचत नाही. मोआबाच्या मैदानात इस्राएल लोकांची दुसरी शिरगणती चालली आहे. वंशांची नावं, कुळांची नावं, आकडे. आपले डोळे भरभर खाली सरकतात. पण 11 व्या वचनात, नावांच्या त्या गर्दीत, एक लहानसं वाक्य आहे. कोरहाचा नाश झाला हे सांगून झाल्यावर लेखक सांगतो, की त्याची मुलं मात्र मेली नाहीत. एवढंच. का वाचली, कशी वाचली, काही नाही. शिरगणती पुढं चालू होते.

हे वाक्य मला माझ्या बाबांमुळं सापडलं. कसं, ते सांगतो. पण आधी कोरह कोण होता ते पाहू.

कोरह हा काही परका माणूस नव्हता. तो लेवी वंशातला, कहाथाच्या कुळातला. त्याचा बाप इसहार आणि मोशेचा बाप अम्राम हे सख्खे भाऊ. म्हणजे कोरह मोशेचा आणि अहरोनाचा चुलतभाऊ. कहाथी लोकांकडं काम होतं ते पवित्र वस्तू खांद्यावरून वाहून नेण्याचं. इतर लेव्यांना सामानासाठी गाड्या आणि बैल मिळाले होते, कहाथ्यांना मिळाले नाहीत, कारण पवित्रस्थानातल्या वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या होत्या. केवढा मान! पण कोरहाला तो पुरला नाही. त्याला अहरोनाचं याजकपद हवं होतं. त्यानं दाथान, अबीराम आणि मंडळीतले 250 नामांकित पुढारी सोबत घेतले आणि मोशेसमोर उभा राहिला. त्याचं बोलणं ऐकायला फार धार्मिक होतं. सगळीच मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच का मोठे झालात, असं तो म्हणाला. माणसाचा लोभ पुष्कळदा असा पवित्र शब्द पांघरून येतो.

पुढं काय झालं ते आपण संडे स्कूलमध्ये शिकलो आहोत. मोशेनं लोकांना सांगितलं, या दुष्टांच्या तंबूंपासून दूर व्हा. मग जमीन दुभंगली, आणि ती माणसं जिवंतपणी अधोलोकात गेली. दाथान आणि अबीराम यांची बायकामुलंही तंबूच्या दारात उभी होती, हे वाचताना मला आजही जड जातं. लहानपणी संडे स्कूलच्या बाईंनी फ्लॅनेलच्या फळ्यावर ही गोष्ट चित्रांनी दाखवली होती. दुभंगलेली जमीन माझ्या लक्षात राहिली. मुलांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

आता बाबांविषयी.

आमचं घराणं अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं. अमेरिकन मराठी मिशननं 1831 साली नगरला काम सुरू केलं. त्यानंतर पुढं कधीतरी माझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानानं सांगितली जायची. 'आपण पाचव्या पिढीचे ख्रिस्ती' हे वाक्य मी चालायला लागल्यापासून ऐकलं. बाबा आमच्या गावच्या मंडळीचे खजिनदार होते. मंदिराच्या नव्या इमारतीसाठी लोक पैसे देत होते. शेतमजुरी करणाऱ्या बायका पदराच्या गाठीतून पैसे काढून द्यायच्या, आणि बाबा पावती फाडायचे.

1984 साली हिशेब तपासला, तेव्हा 18,400 रुपये कमी निघाले. बाबा मटका खेळत होते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी तेव्हा 14 वर्षांचा होतो. पोलिसांत तक्रार झाली नाही, पण रविवारी सगळ्यांसमोर त्यांचं नाव कमी करण्यात आलं. आम्ही तिथंच तिसऱ्या बाकावर बसलो होतो. बाहेर आल्यावर कुणीतरी माझ्याकडं बघून म्हणालं, "खाण तशी माती." ते कुणी म्हटलं हे मला आठवतं, पण त्याचा उपयोग नाही. दोन महिन्यांत आम्ही गाव सोडलं आणि आईच्या मावशीच्या आधारानं इंदूरला आलो.

आपल्या लोकांमध्ये नावाची एक रीत आहे. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. तुम्ही कुठंही जा, वडील तुमच्या नावाच्या मधोमध उभे असतात. इंदूरला आल्यावर मी ते मधलं नाव टाकून दिलं. शाळेच्या दाखल्यावर होतं, तिथं माझा इलाज नव्हता. पण वहीवर, पाकिटावर, पुढं लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा, मी नाव आणि आडनाव एवढंच छापलं. बाबांनी पत्रिका हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. काही बोलले नाहीत.

इंदूरला बाबांनी एका गोदामात नोकरी केली. मटका सुटला. पण मंदिरात ते आत येत नसत. रविवारी आम्हाला सोडायला यायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचे. पाळकसाहेब दोन-तीनदा बोलवायला आले. बाबा हात जोडायचे. मला त्यांची दया येत नव्हती, खरं सांगतो. मला वाटायचं, बसू दे.

2011 साली ते अंथरुणाला खिळले. आई पाच वर्षांपूर्वीच देवाघरी गेली होती. रात्री त्यांच्याजवळ बसायची पाळी माझी. एका रात्री ते म्हणाले, "स्तोत्र वाच." मी 42 वं काढलं आणि वाचायला लागलो. आपण सगळे जसं वाचतो तसंच मीही, वरची बारीक अक्षरातली ओळ सोडून. त्यांनी मला थांबवलं. "वरची ओळ वाच." मी वाचली. हे स्तोत्र कोरहाच्या मुलांचं आहे, असं तिथं लिहिलं आहे. बाबा बराच वेळ छताकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे कोरहाची पोरं वाचली का रे?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

पण मला झोप आली नाही. मी शब्दसूची घेऊन बसलो आणि पहाटे गणना 26:11 वर आलो. सकाळी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं. पोरं वाचली." आणि तोंड भिंतीकडं वळवून रडले.

तेव्हा मला कळलं, की 27 वर्षं हा माणूस पायरीवर बसून कोणती गोष्ट आठवत होता. आपल्यापायी जमीन उघडली आणि आपली मुलं त्यात गेली, असं त्यांना वाटत होतं. आणि मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं, की बाबा, मी आहे, मी गेलेलो नाही. उलट त्यांचं नाव पुसून मी त्यांना तेच सांगत आलो होतो.

प्रियांनो, त्या सकाळनंतर मी कोरहाच्या मुलांचा माग काढत गेलो. चला, आपण मिळून काढू.

स्तोत्रसंहितेत 11 स्तोत्रांच्या वर त्यांचं नाव आहे. 42, मग 44 ते 49, मग 84, 85, 87 आणि 88. आता यातलं 46 वं काढा. पृथ्वी ढळली, डोंगर समुद्रात कोसळले, तरी आम्ही भिणार नाही, कारण देव आमचा आश्रय आहे, असा त्याचा आशय आहे. आपण हे स्तोत्र संकटात वाचतो. पण हे कोण गातंय ते बघा. ज्यांच्या पूर्वजाच्या पायाखाली खरोखर जमीन फाटली, ती माणसं हे गातायत. मग 84 वं. दुष्टाईच्या तंबूंत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या घराचा उंबरठा सांभाळणं मला बरं, असं त्यात म्हटलं आहे. कोणत्या तंबूंपासून दूर व्हायला मोशेनं सांगितलं होतं, ते आठवा. बापाला उंबरठ्याच्या आतली सर्वांत मोठी जागा हवी होती. मुलं म्हणतात, आम्हाला उंबरठा पुरे.

आणि देवानं त्यांना उंबरठाच दिला. 1 इतिहासच्या 9 व्या अध्यायात कोरहाच्या वंशजांकडं कोणती कामं होती ते लिहिलं आहे. ते द्वारपाळ होते. द्वारपाळांत चार जण मुख्य, आणि त्यांच्यात अग्रगण्य शल्लूम हा कोरहाच्या घराण्यातला. या चौघांवर देवाच्या घराच्या खोल्यांची आणि भांडारांची जबाबदारी होती. भांडारांची! रोज सकाळी दारं उघडण्याचं कामही द्वारपाळांचंच. ज्या घराण्यानं पवित्रस्थानावर हक्क सांगायला हात पुढं केला, त्याच घराण्याच्या माणसावर देवानं भांडार सोपवलं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

कृपा म्हणतात ती ही. पण कृपेनं काय केलं आणि काय केलं नाही, हे नीट बघू या. तिनं कोरहाचं पाप झाकून टाकलं नाही. त्या 250 माणसांची धुपाटणी ठोकून त्यांचे पत्रे केले आणि ते वेदीवर मढवले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसत राहावेत म्हणून. मुलांनाही सेवेला येताना ते दिसत असणार. आणि मुलांनी बापाचं नाव टाकलं नाही. दुसरं नाव घेता आलं असतं, कहाथी म्हणवून घेता आलं असतं. पण स्तोत्रांच्या माथ्यावर नाव आहे ते कोरहाचं. मी जे नाव खोडलं, ते त्यांनी गाण्याच्या वर लिहिलं.

आता तारणाविषयी बोलू, कारण तिथंच आपली फसगत होते.

आई गेल्यावर तिच्या पेटीत मला एका दोऱ्यानं बांधलेला कागदांचा गठ्ठा सापडला. मनिऑर्डरच्या पावत्या. दर महिन्याला 100 रुपये, आमच्या जुन्या गावच्या मंडळीला, इमारत निधीसाठी. पहिली पावती ऑगस्ट 1984 ची, शेवटची नोव्हेंबर 1999 ची. एकूण 184. कापड शिवून, डबे करून तिनं 18,400 रुपये फेडले होते आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. बाबांना माहीत होतं का? होतं. शेवटच्या दिवसांत ते मला म्हणाले, "तिनं पैसे फेडले रे. मी फिटलो नाही."

त्याच आठवड्यात मी त्यांना 49 वं स्तोत्र वाचून दाखवलं. तेही कोरहाच्या मुलांचंच. त्यात एक कठोर गोष्ट सांगितली आहे. कुणीही आपल्या भावाला सोडवू शकत नाही, देवाला त्याच्याबद्दल खंडणी देऊ शकत नाही, कारण जिवाचं मोल फार मोठं आहे. आता 'खंडणी' म्हटलं की आपल्याला वर्तमानपत्रातली गुंडांची बातमी आठवते. पण मराठी बायबलमध्ये हा जुना अर्थानं येतो. बंदिवानाला सोडवून आणण्यासाठी भरलेली किंमत. ती किंमत बायको नवऱ्यासाठी भरू शकत नाही, मुलगा बापासाठी भरू शकत नाही. 184 पावत्यांनी मंडळीचे पैसे परत गेले, आणि ते जायलाच हवे होते. जक्कयानंही घेतलेलं चौपट परत करीन असं म्हटलं. पण पैसे फिटले म्हणजे माणूस सुटला, असं होत नाही.

मग त्याच स्तोत्रात, थोडं पुढं, मोठी आशा आहे. स्तोत्रकर्ता म्हणतो, देव माझा जीव अधोलोकाच्या तावडीतून सोडवील. अधोलोक! कोरह जिथं गेला ती जागा. त्याची मुलं ते नाव घ्यायला घाबरत नाहीत. आमच्या घराण्यातला एक तिथं गेला आहे, पण देवाचा हात तिथपर्यंत पोहोचतो, असं ती म्हणतात.

हा हात कसा पोहोचला? प्रभू येशूनं स्वतःविषयी सांगितलं, की मी सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो आहे. मार्क 10:45. आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, 18 आणि 19 व्या वचनांत लिहितो, की वाडवडिलांकडून चालत आलेल्या निरर्थक वागणुकीतून तुमची सुटका झाली ती सोन्या-रुप्यासारख्या नाशवंत वस्तूंनी नव्हे, तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्तानं. वाडवडिलांकडून चालत आलेली वागणूक. पेत्रानं घराण्याचाच वारसा समोर ठेवला आहे.

मी हे वचन बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे माझे पण भरलेत." मी म्हणालो, "हो बाबा." त्या रविवारी पाळकसाहेब घरी आले आणि 27 वर्षांनी बाबांनी प्रभुभोजन घेतलं. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, ती आपल्यातल्या 'चांगल्या' घराण्यांसाठी. 1 इतिहासच्या 6 व्या अध्यायात हेमान गवयाची वंशावळ आहे. दाविदानं देवाच्या घरात गायनासाठी नेमलेला हा हेमान. त्याचा बाप योएल, योएलाचा बाप शमुवेल संदेष्टा, आणि असंच मागं जात जात आपण कोरहापर्यंत पोहोचतो. म्हणजे बंडखोर कोरहाच्या वंशात शमुवेल जन्मला! पण पुढं बघा. शमुवेलाच्या मुलांविषयी 1 शमुवेलच्या 8 व्या अध्यायात काय आहे? त्यांनी लाच घेतली, न्याय विपरीत केला. त्यांतला थोरला योएल. आणि त्या लाचखाऊ योएलाचा मुलगा हेमान, देवाच्या घराचा गवई.

मग सांगा, 'खाण तशी माती' हा हिशेब इथं कसा बसवायचा? यहेज्केलाच्या काळीही लोकांच्या तोंडी अशीच म्हण होती. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले ते मुलांचे, अशा अर्थाची. देवानं 18 व्या अध्यायात सांगितलं, की ही म्हण आता इस्राएलात चालायची नाही. बापाच्या पापाचे परिणाम मुलं भोगतात, हे मी नाकारत नाही. आम्ही भोगले. घर गेलं, गाव गेलं, आईचे डोळे शिवणकामात गेले. पण बापाचा दोष देव मुलाच्या खात्यावर लिहीत नाही. तसंच बापाची नीतिमत्ताही मुलाच्या खात्यावर जमा होत नाही. पाचव्या पिढीचा ख्रिस्ती असण्यानं माझ्या बाबांना वाचवलं नाही. प्रत्येक पिढीला ख्रिस्ताकडं स्वतःच्या पायांनी यावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी आई-बाप असाल आणि मुलांचं आपण वाटोळं केलं असं मनात धरून पायरीवर बसला असाल, तर आत या. मुलांना जे सांगायचं आहे ते सांगा, माफी मागा, फेडायचं असेल ते फेडा. कुणी मुलं असाल आणि नाव खोडून बसला असाल, तर मी तुम्हाला घाई करणार नाही, मला 27 वर्षं लागली. पण उशीर फार करू नका. आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनो, शिस्त लावा, हिशेब तपासा, पण ज्या बाकावर ती मुलं बसली आहेत तिकडंही एकदा बघा.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आमच्या इंदूरच्या मंडळीनं मला खजिनदार व्हायला सांगितलं. मी कमिटीसमोर उभा राहून सगळं सांगितलं. 18,400 चा आकडाही सांगितला. खोलीत कुणी बोलेना. मग सर्वांत वयस्कर वडील, एक निवृत्त मास्तर, म्हणाले, "पेटीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली तुमच्याकडं राहील, एक माझ्याकडं. दर महिन्याला हिशेब वाचू." आणि त्यांनी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. माझ्यावर विश्वास टाकला, आणि दुसरं कुलूपही काढलं नाही. दोन्ही गोष्टींनी मला बरं वाटलं.

त्या दिवशी नेमणुकीच्या कागदावर मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं. मधलंसुद्धा.

चला, प्रार्थना करू.

हे स्वर्गीय पित्या, आमच्या घराण्यांत जे घडलं ते तुला ठाऊक आहे. जे आम्ही झाकून ठेवलं, जे आम्ही खोडलं, तेही. आमची सुटका आम्हाला विकत घेता आली नाही, ती तुझ्या पुत्रानं आपल्या रक्तानं केली, म्हणून तुझे आभार. जे पायरीवर बसले आहेत त्यांना आत आण. जी मुलं रागावली आहेत त्यांच्याशी तू बोल. आमच्या मुलाबाळांना तुझ्या घराच्या उंबरठ्याशी ठेव आणि त्यांच्या तोंडी तुझी स्तुती घाल. येशूच्या नावात मागतो. आमेन.